हाताला गरम लागलेलं चाक

निलंग्याच्या एसटी डेपोत माझी नणंद मेकॅनिक आहे. नाव बुद्धप्रिया. घरात सगळे तिला अक्का म्हणतात, सासूबाई तेवढ्या पिरू. नांदेडला आमच्या शाळेत मी हे सांगितलं की बरोबरच्या बाया विचारतातच, "म्हणजे ऑफिसात असतील ना?" ऑफिसात नाही, खड्ड्यात. वर बस उभी, खाली खड्ड्यात अक्का, हातात पाना, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या आणि कपाळावर हटकून एक काळा फराटा.

लातूरच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गात बत्तीस पोरं आणि ती एकटी मुलगी. माझे सासरे केरबा पंचायत समितीत शिपाई होते. प्रवेशाच्या रांगेत त्यांनी तिला हळूच विचारलं होतं, "शिवणकामाचा कोर्स बी हाय म्हनं. त्यो घेतीस का?" ती म्हणाली, "शिलाई मशीन एका जागी उभी ऱ्हाते, आबा. मला चालनारी मशीन शिकायचीय." सासरे पुढं आयुष्यभर हे वाक्य येईल त्या पाहुण्याला सांगायचे. आता ते नाहीत, म्हणून मी सांगते.

लग्न होऊन आले तेव्हा मी तिला अहो-जाहो करायचे. तिनंच एकदा दटावलं, "मी काय तुझी हेडमास्तरीन हाय का?" तेव्हापासून अगं-तुगं. आज ती त्रेचाळीस वर्षांची आहे. नवरा संघपाल निलंग्यातच पोस्टात. अक्काचं बोलणं अगदी बेताचं. आमच्याकडं आली की आधी माझी स्कूटी सुरू करून तिचा आवाज ऐकते, मग चहाला बसते.

मागच्या दिवाळीत सासूबाईंनी विषय काढला. पारूबाई त्यांचं नाव, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले. त्यांना बोधगया बघायची होती. माझे मिस्टर आनंदराज म्हणाले, रेल्वेचं आरक्षण करू. त्यांनी मान हलवली.

"रेल्वेत मानूस डब्यात कोंडून बसतंय अन् गावं नुसती पळत्यात. मला मधी मधी उतरायचं हाय. नागपूरला दीक्षाभूमीवर डोकं टेकवून मंग फुडं जायचं हाय. अन् हे पाय लांब करून बसाय जागा कोन देनार?"

मग आनंदराजांनी लातूरच्या एका निवृत्त इंजिनियरची गाडी घेतली. पांढरी, डिझेलची, सात माणसांची. मालक मुलाकडं पुण्याला गेल्यामुळं दोन वर्षं अंगणात उभी होती, पण रंग शाबूत आणि चालली होती फारच कमी. आनंदराज खूश. त्यांनी अक्काला फोन लावला तेव्हा मी शेजारीच होते.

"कुठं कुठं जानार?" अक्कानं विचारलं.

"नागपूर, जबलपूर, बनारस, गया. नाताळच्या सुट्टीत."

"मंग आधी माझ्याकडं आन. तीन आठवडे दे."

"तीन आठवडे? सर्व्हिसिंगला एक दिवस लागतो, अक्का."

"चालत्या गाडीला एक दिस लागतोय. ही दोन वर्सं उभी हाय."

गाडी निलंग्याला गेली. ड्यूटी संपली की अक्का अंगणात गाडी उघडून बसायची, रविवारी पूर्ण दिवस. एका रविवारी आम्ही बघायला गेलो तर गाडीचा अर्धा जीव बाहेर काढून पोत्यावर मांडलेला. इंजिनियरच्या घराशेजारी उसाचा फड होता. ऊस तुटल्यावर उंदीर बॉनेटखाली राहायला आले होते आणि त्यांनी निम्म्या वायरींचं वरचं आवरण खाऊन टाकलं होतं. रेडिएटरमधून विटकरीसारखं लाल पाणी निघालं होतं. बोअरचं साधं पाणी भरत गेलेले, आत क्षाराचे थर. अक्कानं ते तीनदा धुऊन काढलं आणि कूलंट भरलं. बॅटरी नवी, वायपरची रबरं नवी, पुढं खालच्या अंगाला दोन पिवळे दिवे.

खरी मजा हीटरची झाली. डॅशबोर्डावर हीटरचं बटण होतं, फिरवलं की गार वारा यायचा. अक्कानं खाली वाकून बघितलं तर इंजिनाचं गरम पाणी हीटरच्या जाळीकडं नेणारे दोन पाइप कुणीतरी काढून एकमेकांना जोडून टाकले होते. आमच्याकडं असं सर्रास करतात. लातूरच्या उन्हात हीटर घेऊन कुणी काय करायचं? अक्कानं पाइप परत जोडले तर आतली जाळीच गळायला लागली.

लातूरला मृत्युंजय म्हणून तिच्या ओळखीचे स्पेअर पार्टवाले आहेत. त्यांना मागितली तर ते गल्ल्यावरच हसायला लागले. "ताई, तीस वर्सं झाली दुकान चालवतोय, हीटरची जाळी मागनारं पैलं गिऱ्हाईक तुमी." पण माणूस शब्दाचा. त्यांनी दिल्लीहून मागवून दिली.

ती यायला बारा दिवस लागणार होते. आनंदराज वैतागले. "अक्का, सोड की ते. शाली हायत, स्वेटर हायत."

"शाल मानसाला," अक्का म्हणाली. "काचेला काय पांघरतूस?"

मग तिनं आमच्या दोघांच्या समोर गाडीचा आरसा धरला आणि त्यावर तोंडानं वाफ सोडली. आरसा पांढरा झाला. "तिकडं पौषात धुकं पडतंय. आत चार मानसं श्वास घेनार. काच आतून अशी व्हती. पुसत बसशील का रस्ता बघशील?"

आनंदराजांनी माघार घेतली. पटलं म्हणून नाही, मोठ्या बहिणीपुढं इलाज नव्हता म्हणून.

डिसेंबरच्या एकवीस तारखेला गाडी तयार झाली आणि सासूबाईंना घेऊन आम्ही निलंग्याला मुक्कामाला गेलो. ठरलं असं होतं: बावीसला निलंग्याहून सगळ्यांनी गाडीतून नांदेडला यायचं, रात्री विश्रांती आणि तेवीसला पहाटे निघायचं. आनंदराजांची रजा मोजून मापून मिळालेली, नागपूर आणि बनारसच्या खोल्या आधीच ठरवलेल्या. संघपालभाऊजींना रजा मिळाली नाही, म्हणून गाडीत आम्ही चौघंच. आनंदराज गाडी चालवायला, शेजारी अक्का, मागं सासूबाई पाय लांब करून आणि त्यांच्या शेजारी मी, मांडीवर दशम्यांचा डबा.

सकाळी नऊला निघालो. उसाच्या ट्रॅक्टरांमागून सावकाश चालत लातूर आलं. तिथं अक्कानं गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून तिनं चारही चाकांच्या मधल्या भागाला एकेक करून तळहात लावला, जसं आपण आजारी लेकराच्या कपाळाला लावतो. डेपोतले हेड मेकॅनिक रामकिशन यांनी तिला हे पहिल्या वर्षी शिकवलं होतं. चार चाकं चार भावांसारखी असतात, ते म्हणायचे, एकच तापलं असेल तर घरात काहीतरी बिनसलंय.

मागच्या डाव्या चाकाशी ती जरा जास्त वेळ थांबली. मग आत येऊन बसली. "चाकूरला परत बगू," एवढंच म्हणाली.

चाकूर आलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. गाडी एका चहाच्या टपरीजवळ लिंबाखाली घेतली. अक्का थेट त्या चाकाकडं गेली, हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. पाण्याच्या बाटलीतनं चार थेंब उडवले. चर्र असा आवाज आला.

"आनंदा, उतर. चाक खोलावं लागतंय."

चाक थोडं निवेपर्यंत सासूबाईंना टपरीच्या बाकड्यावर बसवलं. अक्कानं गाडीच्या मागून हत्यारांची पिशवी काढली, जॅक लावला, चाक उतरवलं, आतला ड्रम ठोकून ठोकून बाहेर ओढला. बघायला येणारे-जाणारे थांबले. साडी कमरेला खोचून एक बाई गाडीखाली, आणि पँटवाला गडी नुसता उभा. आनंदराजांचा चेहरा उतरला होता.

पान्याच्या टोकानं आत चाचपून अक्का म्हणाली, "हितला ब्रेक सुटतच न्हवता. ब्रेकच्या सिलेंडरात पिस्टन असतंय. उभ्या गाडीत ते गंजलं, अन् एकदा दाबलं की माघारी येईना. पट्ट्या चाकाला घासूनच चालल्या होत्या."

"पण मागचे ब्रेक तर तू खोलले होते. पट्ट्या नव्या टाकल्यास," आनंदराज म्हणाले.

"टाकल्या. सिलेंडर वरून कोरडं दिसलं, म्हनून आतून खोललं न्हाई." ती उठून उभी राहिली आणि सरळ त्यांच्याकडं बघून म्हणाली, "माझ्याकडनं राहिलं, आनंदा. चूक माझी हाय."

आनंदराजांना याची सवय नव्हती. अक्का चुकते हेही आणि ती असं तोंडावर कबूल करते हेही. ते म्हणाले, "बरं, आता काय करायचं?"

"दोनी बाजूंची सिलेंडरं बदलायची. मृत्युंजय शेठला फोन करते, ते लातूर-नांदेड गाडीत ठेवून देतील. पन उद्या निघायचं न्हाई. उद्या दिसभर गाडी पळवून बगनार, मंग परवा."

इथं आनंदराजांचा बांध फुटला. "परवा? खोल्यांचं काय? माझी रजा काय रबराची हाय? तीन आठवडे तुझ्याकडं गाडी होती! हीटरपायी बारा दिवस घालवलेस अन् ब्रेक बघितला न्हाईस!"

टपरीवरची माणसं चहा प्यायची थांबली. मला वाटलं, आता अक्का उसळणार. ती उसळली नाही. मागच्या दाराच्या पायरीवर बसली आणि ग्रीसचे हात फडक्याला पुसत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते आनंदराजांनाही माहीत नव्हतं.

एसटीत लागायच्या आधी ती वर्षभर मुरुडला एका गॅरेजात कामाला होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं एका लग्नाच्या वऱ्हाडाची जीप आली होती. तेल बदलताना तिला दिसलं की पुढच्या ब्रेकच्या रबरी नळीला चीर आहे. तिनं मालकाला दाखवलं. मालक म्हणाला, वऱ्हाड खोळंबलंय, माघारी आल्यावर बघू. ती वीस-एकवीस वर्षांची, नवी, त्यात बाईमाणूस. गप्प बसली. दोन तासांनी उतारावर जीपचा ब्रेक गेला. ड्रायव्हरनं शहाणपणानं गाडी काढलेल्या सोयाबीनच्या रानात घातली म्हणून जीव वाचले. पण नवरीच्या मावशीचा उजवा हात मोडला तो कायमचा अधू झाला.

"मी दवाखान्यात गेल्ते त्या मावशीला बगाया," अक्का म्हणाली. "तिनं मला पानी पाजलं, डाव्या हातानं. तिला काय ठाऊक मी कोन ते. तवापासनं एक ठरवलं. मला दिसलं, तर मी बोलनार. मंग कुनाला राग येवो. आज मला माझीच चूक दिसली, आनंदा. ती बी बोलावीच लागनार."

आनंदराज चपलेच्या टोकानं माती उकरत राहिले. अक्का पुन्हा म्हणाली, अगदी हळू, "रोज मी तयार केलेल्या गाड्यांत दुसऱ्यांची मानसं बसत्यात. आज पैल्यांदा माझी आई बसली हाय."

बाकड्यावरून सासूबाईंचा आवाज आला. इतका वेळ त्या बशीतनं चहा पीत सगळं ऐकत होत्या.

"आनंदा, बुद्ध तिथं अडीच हजार वर्सं बसल्यात. त्यान्ला एक दिस जड जातंय व्हय?"

टपरीवाला मोठ्यानं हसला. आनंदराजांनाही हसू आवरेना. त्यांनी खिशातून फोन काढला आणि नागपूरला, मग बनारसला फोन लावून एकेक दिवस पुढं सरकवून घेतला. दोन्ही ठिकाणी कुणी कुरकुर केली नाही. ज्याच्यासाठी आम्ही एवढं भांडलो ते पाच मिनिटांत मिटलं.

दोन वाजता लातूर-नांदेड बस चाकूरला थांबली आणि ड्रायव्हरनं खिडकीतूनच कागदात बांधलेला पुडा अक्काच्या हातात दिला. "काय अक्का, सुट्टीत बी काम?" ती म्हणाली, "घरचं हाय." नव्या सिलेंडरांचं काम तासाभरात झालं. मग ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात, एक आत ब्रेक दाबायला आणि एक खाली चावी फिरवायला. आनंदराज आत बसले.

"दाब," अक्का खालून म्हणाली.

"दाबला."

"धरून ठिव... आता सोड. दाब."

"दाबला."

असं किती वेळ चाललं देव जाणे. सुरुवातीला आनंदराजांचा आवाज कोरडा होता. हळूहळू त्यात नरमाई आली. शेवटी अक्का म्हणाली, "आता कसा लागतोय पायाला?" ते म्हणाले, "दगडासारखा घट्ट, अक्का." ती गाडीखालून बाहेर आली तेव्हा त्यांनी हात देऊन तिला उठवलं आणि हाताला लागलेलं ग्रीस आपल्याच पँटला पुसलं. ती पँट मी धुऊन धुऊन थकले.

अहमदपूरला थांबून अक्कानं चाकांना हात लावला. चारही सारखी, सकाळच्या उन्हातल्या दगडाइतकी कोमट. लोह्याला परत लावला. तशीच. गाडीत बसल्यावर ती मागं वळून मला म्हणाली, "मनिषे, त्यो दशमीचा डबा काढ की. सकाळपासनं पोटात काई न्हाई." तेव्हा माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. मी तिला तीन दशम्या दिल्या, तिनं तिन्ही खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ-बहीण दोघंच गाडी घेऊन गेले. शंभर किलोमीटर फिरून दुपारी परत आले ते हसतच. आणि चोवीसला पहाटे, ओट्यावर मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणून आम्ही निघालो.

प्रवासाचं सगळं सांगत बसले तर वही भरेल. दीक्षाभूमीवर सासूबाई तासभर बसल्या. जबलपूरच्या पुढं अशी थंडी की बोलताना तोंडातनं धूर निघायचा. मिर्झापूरच्या अलीकडं एका सकाळी धुकं आलं, तसं मी जन्मात पाहिलेलं नाही. नांदेडला गोदावरीच्या काठावर पडतं ते धुकं यापुढं म्हणजे मलमलीचं फडकं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसेनात. काच आतून पांढरी व्हायला लागली, तसं अक्कानं हीटरचं बटण फिरवलं. खालून ऊब आली, काच कडेनं विरघळत गेली आणि समोर रस्ता दिसायला लागला. आनंदराज रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "मृत्युंजय शेठला गयेचा प्रसाद न्यावा लागतोय." अक्का म्हणाली, "आदी गाडी त्या ढाब्यावर घे. काचेतनं दिसतंय म्हनून धुकं थोडंच हटलंय." दोन तास आम्ही शेकोटीपाशी बसून काढले. धुकं उठलं, मग निघालो.

बोधगयेला पोचलो तेव्हा दुपार होती. पिंपळाखाली देशोदेशीचे भिक्खू, पिवळी, लाल, करडी चीवरं, आणि जिकडं तिकडं हलक्या आवाजात चाललेलं वाचन. सासूबाईंनी चप्पल काढली आणि माझा हात सोडला. गुडघ्यांचं दुखणं कुठं गेलं कोण जाणे, एकट्या चालत जाऊन त्या कठड्यापाशी बसल्या. हात जोडले, डोळे मिटले. अक्का त्यांच्या मागं बसली. मी तिला घरात, डेपोत, लग्नात, मयतीत पाहिलंय. हात मोकळे ठेवून नुसती बसलेली कधी पाहिली नव्हती. वाऱ्यानं एक पान खाली आलं. ते उचलायला चार माणसं धावली, ती जागची हलली नाही.

बऱ्याच वेळानं सासूबाईंनी मागं वळून विचारलं, "पिरू, काय इच्यार करतीस?"

"काईच न्हाई, आई," ती म्हणाली. "लई दिसांनी काईच न्हाई."

परतीचा प्रवास सुखाचा झाला. जानेवारीच्या दोन तारखेला सकाळी अकराला नांदेडला दारात गाडी उभी राहिली. सामान काढायच्या आधीच अक्का म्हणाली, पाच मिनिटं गच्चीवर उन्हात पडते. मी चहा घेऊन वर गेले तर ती चटईवर आडवी, पदर तोंडावर, गाढ झोपलेली. खाली येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, कुणी उठवायचं नाही. आनंदराजांनी शेजारच्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला. मी भाकरी आणि वरणाचं ताट झाकून ठेवलं.

ती चारला उठली. ताट संपवलं, तोंड धुतलं आणि सहाच्या बसनं निलंग्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिची ड्यूटी होती.